पट्टीवरच्या तिरप्या रेघा

“मला पडद्यावर गोल पाहिजे,” साहेब म्हणाले. “एक नजर टाकली की किती काम झालं, किती राहिलं, कळलं पाहिजे.”

“गोलात काय डोंबल कळतंय? घड्याळ आहे का ते?” फोरमन पुटपुटला. “मला मशीनवार आडव्या पट्ट्या द्या. कुठलं मशीन कधी रिकामं, एवढं दिसलं की माझं भागलं.”

स्टोअरच्या काकूंना कॅलेंडर हवं होतं. खाटांच्या नळ्या मागायला कुठल्या दिवशी कोण दारात उभा राहणार हे आधी कळलं, की त्याच्यावर ओरडायची तयारी त्यांना निवांत करता येणार होती.

सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती मामांकडे वळली. “आणि तुम्हाला, मामा? दिवसभर बघणार तर तुम्हीच.”

“तुम्ही द्याल ते चालेल,” मामा म्हणाले.

इथेच मी तोंड उघडायला हवं होतं.

आमचा कारखाना दवाखान्यांच्या खाटांचा. मी रंगखात्यात. रंग पक्का करायची आमची भट्टी इतकी तापायची, की वरून उडणारी माशी खाली पडेपर्यंत खरपूस व्हायची आणि पडल्यावर मीठ मागायची. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. मामा नियोजनाचे. कुठली खाट कधी कापायची, कधी जोडायची, कधी माझ्या भट्टीत घालायची, हे ते ठरवत. सॉफ्टवेअरच्या आधी त्यांचा लाकडी फळा होता. तो इतका लांब, की एका टोकाला सकाळची पाळी सुरू होताना दुसऱ्या टोकाला जेवणाची सुट्टी झालेली असायची. त्यावर खिळे आणि खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले. काम मागे पडलं की मामा त्याचा बिल्ला उलटा टांगत. सगळे म्हणत, मामांची लहर.

लहर कसली! मामांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नसे. माझ्या खात्यात ते सहज आल्यासारखे येत आणि विचारत, “आज काय लावतोयस रे?” मी डबा बडवून ओरडायचो, “हिरवा, मामा, हिरवा!” त्यापलीकडे आम्ही या विषयावर अवाक्षर बोललो नाही. तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा मी, पण एवढी एक गोष्ट गिळून बसलो होतो.

ताईनं मामांना फोरमनसारख्याच पट्ट्या दिल्या. वेळेत चाललेलं काम हिरवं, मागे पडलेलं लाल. मामा रोज सगळ्यांच्या आधी येऊन पडद्यासमोर बसू लागले. एकेका पट्टीवर टिचकी मारायची, तारीख उघडायची, वाचायची, मग पुढची पट्टी. काम कमी होतं तोवर निभावलं. मग ऑर्डरी वाढल्या, पट्ट्या दाटल्या, आणि एका सकाळी मामा मला म्हणाले, “आज भट्टी बंद ठेव. साफ करून घे.”

मी बंद ठेवली. आणि मुलांच्या दवाखान्याच्या खाटा बिनरंगाच्या तशाच ओळीनं उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांची पट्टी लालभडक होती म्हणे.

“समोर एवढं लाल दिसतंय आणि तुम्ही भट्टी बंद करता?” साहेब कडाडले. “झोपला होतात का, मामा? सोमवारपासून गेटवर बसा. इथे बघतो दुसऱ्या कुणाला.”

“बरं,” मामा म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. तो कितीही पुसला तरी उपयोग नव्हता, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी ताईला चहाच्या मशीनपाशी गाठलं.

“ताई, माझ्या मावशीच्या शेजारी एक ड्रायव्हर राहायचा. त्याला लाल-हिरवं सारखंच. वरचा दिवा लागला की थांबायचा, खालचा लागला की निघायचा. एकदा कुणीतरी सिग्नल आडवा बसवला, तर बिचारा चौकातच मुक्कामाला! बायको डबा घेऊन यायची.”

ताईनं कप खाली ठेवला. “हा ड्रायव्हर आता काय करतो?”

“नियोजन,” मी म्हणालो आणि जीभ चावली.

ती हसली नाही. “मी विचारायला हवं होतं,” म्हणाली. “रंग माझ्या मनानंच लावून मोकळी झाले.”

“माझं नाव मात्र घेऊ नका.”

“तुमचं कशाला घेऊ? ड्रायव्हर तर मावशीच्या शेजारचा.”

दुपारी तिनं सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर आता मशीनऐवजी एकेका ऑर्डरची एकेक ओळ होती. मागे पडलेली ऑर्डर आपोआप सगळ्यांत वर, आणि तिच्या पट्टीवर ठसठशीत तिरप्या रेघा.

“प्रिंट काळी-पांढरी निघते ना,” ती साहेबांना म्हणाली. “नुसत्या रंगावर विसंबले, ती माझी चूक.”

साहेब मान डोलवत होते, तेवढ्यात मामा उठून उभे राहिले.

“ताई, प्रिंटचं राहू द्या. साहेब, मला लाल-हिरवं कळत नाही. पहिल्यापासून. सांगितलं तर काम जाईल, म्हणून बोललो नाही. पण आता खाटा अडल्यात, आणि त्या आजारी पोरांच्या आहेत.”

काकूंनी लगेच विचारलं, “अगंबाई! मग माझा तो नवा स्वेटर छान आहे म्हणाला होतात, तो?”

“वीण छान होती, काकू.”

पहिल्यांदा फोरमन हसला, मग सगळेच. साहेबांनी घसा खाकरला. “गेटचं राहू द्या, मामा. आधी या खाटांचं सांगा.”

मामांनी सगळ्यांत वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. टिचकी मारली नाही. “ही आधी. तू भट्टी पेटव. फोरमन, कपाटांचं काम मागे ढकला.”

“ढकललं,” फोरमन म्हणाला. काकूंनी तर न ओरडता नळ्या दिल्या. इतकी थाप मीसुद्धा मारली नसती, पण हे खरंच घडलं. खाटा ठरल्या दिवशी गाडीत चढल्या.

गाडी गेल्यावर ताई आवराआवर करू लागली. मामा तिच्यापाशी आले. “तुमचे उपकार झाले, ताई.”

“माझे नाही. त्या ड्रायव्हरच्या शेजाऱ्यांचे माना.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या रंगाच्या डब्यावरच्या सूचना मन लावून वाचत होतो.

“जायच्या आधी ते पहिलं चित्र एकदा लावता का?” मामा म्हणाले. “लाल-हिरवं.”

“कशाला, मामा?”

“बघू द्या की. एवढी मेहनत करून बनवलं होतंत.”

तिनं लावलं. मामा हात मागे बांधून कितीतरी वेळ बघत राहिले.

“छान केलंय,” ते म्हणाले. आणि पाहुण्याला निरोप द्यावा तसे, तिनं ते बंद करेपर्यंत मामा खुर्चीवर बसले नाहीत.