शेवाळ्याला पाणी

धाकटीने खुर्चीवर चढून भिंतीवरची चौकट उतरवली, तेव्हा तिचे तळवे हिरवे झाले. चौकटीतल्या शेवाळ्यातून पाणी ठिबकत होतं आणि खाली, नव्या पांढऱ्या रंगावर, हिरवे ओघळ पार जमिनीपर्यंत पोचले होते.

“आई, याला पाणी घातलंस तू?”

“मग! रोज सकाळी फवारते,” आई सोफ्यावरून म्हणाली. “जिवंत आहे ते. उपाशी ठेवू होय?”

जिवंत कसलं! वाळवून, रंग चढवून टिकवलेलं शेवाळं ते. पाणी हा त्याचा शत्रू. पण हे सांगायचं धाकटीच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

लोकांची घरं सजवून देणं हा तिचा व्यवसाय. घरात झाडं, लाकूड, उजेड आणला की माणसाचं मन थाऱ्यावर येतं, असं ती गिऱ्हाइकांना सांगे आणि गंमत म्हणजे तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. आई फिरायला जाईना, वाचेना, शेजारीण समोरून आली तरी बोलेना, तेव्हा तिने आईच्या दोन खोल्यांचा कायापालट करायचं मनावर घेतलं. वेताची खुर्ची आली, खिडकीत रुंद पानांच्या कुंड्या आल्या. दादाला हे सगळे थेर वाटत होते. आईने गॅसवर दोनदा भांडं करपवलं होतं. आता आणखी काही झालं तर तिला माझ्याकडेच घेऊन जाईन, असं त्याने निक्षून सांगितलं होतं. त्याच्याकडे कशाची कमी नव्हती. पण इथे आईचं राज्य होतं आणि ते सोडायचं म्हटलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

“रागावलीस?” आईने विचारलं. “हाताला इतकं मऊ लागलं ना, मला आपल्या विहिरीचा काठच आठवला.”

धाकटीला राग धरता येईना. त्या विहिरीमागे आईची बाग होती. दुपारी आई दोघांचे डोळे रुमालाने बांधायची, कुठलंतरी पान चुरगळून नाकाशी धरायची आणि म्हणायची, “ओळख बघू.” दादा रुमालाखालून बघायचा, तरीही हरायचा. त्याचं एकच उत्तर ठरलेलं, पुदिना. किती हसायचे सगळे!

“भिंत मात्र झकास झाली हो,” आई म्हणाली. “कशी पांढरीशुभ्र! डाग म्हणून नाही.”

तिचं तोंड ओघळांकडेच होतं. खिडकीतून लख्ख ऊन भिंतीवर पडलं होतं.

ओघळ पुसायला धाकटीने उचललेलं फडकं तिच्या हातातच राहिलं. मिटलेलं पुस्तक, न ओळखलेली शेजारीण, करपलेली भांडी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

“डोळे दाखवलेस का गं कुणाला?”

आईने मांडीवरचा पदर सारखा केला.

“दाखवले. गेलं ते परत येत नाही, म्हणाले. कडेकडेचं दिसतं थोडं.” मग हळूच, “दादाला नको सांगूस. नेईल तो मला.”

धाकटीने भिंत पुसून काढली. पुढच्या आठवड्यात रुंद पानांच्या कुंड्या गेल्या आणि दुसऱ्या आल्या. कमरेइतक्या उंच स्टँडवर, जाता-येता हात लागेल अशा. बाथरूमच्या दाराशी गवती चहा, पलंगापाशी सब्जा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर पुदिना. आईने एकही प्रश्न विचारला नाही. फक्त एकदा म्हणाली, “सब्जा जरा इकडे सरकव. हात पुरत नाही.”

रविवारी दादा आला. कुंड्यांवरून नजर फिरवत म्हणाला, “झालं का तुमचं जंगल?”

“थांब, चहा टाकते,” म्हणत आई उठली. पानांना बोटं लावत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. धाकटीचा जीव टांगणीला लागला.

आईने एक पान खुडलं, चुरगळलं, मागे वळली.

“ये इकडे. ओळख बघू.”

दादा हसत जवळ गेला. आईने हात पुढे केला तो त्याच्या खांद्यापाशी, नाकापासून चांगला वीतभर बाजूला. दादाचं हसू मावळलं. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तिने मान खाली घातली.

दादाने मान वाकवून नाक आईच्या बोटांपाशी नेलं आणि डोळे घट्ट मिटले.

“पुदिना,” तो म्हणाला.

“आलं बाई एकदाचं ओळखता!” आई हसली आणि स्वयंपाकघरात वळली.

दादा त्या कुंडीपाशीच थांबला. मग त्याने रुमालाने नाक पुसलं.

“शेगडीचं काय ते मी बघतो,” तो धाकटीला हळू आवाजात म्हणाला. “आणि बाहेर, लिफ्टच्या दाराशीही एक कुंडी लागेल. तिथे कशाची ठेवायची?”