उआताची पेटी आणि पुसलेलं पत्र

बेटावरच्या नेइआफू गावाच्या बाजारामागे उआताची पत्र्याची शेड आहे. त्या शनिवारी दुपारी तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर ऊन, आणि आत खिडक्यांना काळं प्लास्टिक ठोकून केलेला अंधार. घामाचा आणि खोबरेलाचा वास कोंडून राहिलेला. पुढे टेबलावर इनोके आजोबांच्या घरचा जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर पांढरी चादर घातलेली, प्रेतावर घालतात तशी.

उआता आधी ऑकलंडला होता. तिथून परत येऊन त्याने मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गेल्या वर्षापासून तो मेलेल्यांशीही बोलायला लागला होता. दुरुस्तीपेक्षा हे काम बरं चालत होतं. कुणी डुक्कर आणून बांधी, कुणी रताळ्यांची टोपली ठेवून जाई.

"हलू नका," तो म्हणाला. "मेलेल्यांना गडबड सोसत नाही. देव म्हणतो थांब, की वीज थांबते. देव म्हणतो बोल, की तार बोलते. मी कोण? मी नुसता प्लग!"

त्याने चादरीखाली हात घातला. आधी खरखर झाली. मग इनोके आजोबांचा आवाज आला.

म्हातारा चर्चमधलं गाणं म्हणत होता. मध्येच खोकला, मध्येच कुणाला तरी म्हणाला, "अगं, दार लाव, कोंबड्या आत येतायत," आणि पुन्हा गाऊ लागला. त्याला पुरून चार महिने झाले होते.

बायकांनी हंबरडा फोडला. सगळ्यांत पुढच्या चटईवर बसलेल्या लवेनिया आत्याबाईंनी मात्र डोळे पुसले नाहीत. त्या इनोकेची थोरली बहीण. त्यांनी फक्त दुखवट्याची म्हणून कमरेला गुंडाळलेली चटई घट्ट धरली.

सगळ्यांत मागे, दाराजवळ, सुनेच्या जागी लेसीएली बसली होती. मांडीवर तिची तीन वर्षांची मुलगी आकेसा. लेसीएलीच्या अंगावर काटा आला, कारण ते गाणं तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. जागा करायला म्हणून फायली काढताना चुकून तेही गेलं, आणि कचरापेटीही रिकामी करून झाली. तीन आठवडे ती त्यासाठी रडली होती. म्हणून तर तिचा नवरा मोसेसे यंत्र इथे घेऊन आला.

"थांबा," उआताने डोळे मिटले. "म्हातारा अजून गेला नाही. म्हणतोय, माझ्या घरात लपवाछपवी आहे. सून पोरीला घेऊन समुद्रापार निघालीय. चौदा तारखेच्या विमानाने. नवऱ्याला न सांगता."

मग सगळ्या माना मागे वळल्या.

असं एक पत्र होतं. आकेसाचा कान तिसऱ्यांदा फुटला, आणि मागून हाक मारली तर पोर वळेना, त्या दिवशी तिने ते समुद्रापारच्या बहिणीला लिहिलं होतं: 'चौदाच्या विमानाने येते, तिथल्या डॉक्टरला दाखवू, इथे मला कुणी जाऊ देणार नाही.' लिहून झाल्यावर तिचीच तिला लाज वाटली. पत्र पाठवलं नाही, छापलं नाही, कुणाला सांगितलं नाही. पुसून टाकलं.

आत्याबाई उठल्या. "परवाचा सोडून पुढच्या सोमवारच्या बोटीने आकेसा माझ्याबरोबर येईल," त्या म्हणाल्या. "माझ्या बेटावर राहील. माझ्या भावाचं रक्त आहे ते."

कुणी 'का' म्हणून विचारलं नाही. बापाच्या थोरल्या बहिणीने मागितलं की द्यायचं, मग ते डुक्कर असो, चटई असो, नाहीतर मूल. मोसेसेने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

घरी आल्यावर मात्र तो बोलला. "खरं आहे?"

"लिहिलं होतं. पाठवलं नाही."

"मग बाबांना कसं कळलं?"

रविवारचा पूर्ण दिवस लेसीएली स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरली. शेडमधून परत आणून कोपऱ्यात ठेवलेल्या त्या यंत्रावर आत्याबाईंनी चादर टाकून ठेवली होती. लेसीएली ताटं धुवायची आणि मध्येच वळून बघायची, चादर हलली का. समुद्रापार सुव्याच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेली बाई! पण घाबरलेल्या माणसाचं शिक्षण सगळ्यांत आधी पळून जातं. आत्याबाई आकेसाचे कपडे एकेक करून टोपलीत भरत होत्या. लाल फ्रॉक गेला. निळा गेला. रविवारचा पांढराही गेला.

पांढरा फ्रॉक टोपलीत पडला आणि लेसीएलीच्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं.

चौदा तारीख! चौदाला विमान नव्हतंच. विमान सोळाला होतं. पत्र लिहिताना तिने कॅलेंडरचं भलतंच पान पाहिलं होतं. आणि इनोके आजोबा? चाळीस वर्षं बंदराच्या कचेरीत काढलेला माणूस. बोट, विमान, भरती-ओहोटी, सगळं त्यांना तोंडपाठ. ते मेल्यावर कशाला चुकतील? आणि चुकलेच, तर नेमकी तिचीच चूक कशी करतील?

'ज्याने हे सांगितलं,' तिने स्वतःला बजावलं, 'त्याने माझं पत्र वाचलंय.'

सोमवारी आत्याबाई चर्चच्या बायकांकडे गेल्या. लेसीएलीने दार लावलं आणि चादर ओढून काढली. कॉलेजातल्या मास्तरांनी एकदा दाखवलेलं तिला आठवत होतं. हरवलेली फाइल शोधायचा प्रोग्राम त्याच डिस्कवर उतरवायचा नाही, नाहीतर जे शोधायचं त्याच्यावरच तो जाऊन बसतो. तिने सकाळीच गावच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवरून तो पेनड्राइव्हवर आणला होता. तो लावला. यंत्र घरघरलं. वीस मिनिटं पट्टी सरकत राहिली आणि मग यादी उलगडायला लागली: मोसेसेने पुसलेले फोटो, सासूच्या आजारपणाचे कागद, आणि खाली तिचं पत्र. अथपासून इतिपर्यंत. चौदा तारखेसकट.

तिने मोसेसेला बोलावून दाखवलं. त्याने पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"म्हणजे बाबा नव्हते."

"नव्हते."

"पण मी आत्याला उलटून बोलू शकत नाही, लेसीएली. जीभच उचलणार नाही माझी."

"तू बोलू नकोस. तू फक्त ही पेटी उचल आणि पुन्हा त्याच्याकडे नेऊन दे. मध्येच बंद पडते म्हणावं."

"एवढंच?"

"त्याआधी मला अर्धा तास दे."

त्या अर्ध्या तासात तिने आणखी एक पत्र लिहिलं. ते छापलं, फाइल पुसली, कचरापेटी रिकामी केली. छापलेला कागद तिने पाकिटात घालून चिकटवला, संध्याकाळी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि जमिनीवर बसली.

"काय आहे?"

"माझी कबुली आहे, आत्याबाई. शनिवारी त्याच्या शेडमध्ये उघडा. त्याआधी नको."

आत्याबाईंनी तिच्याकडे नजर रोखून पाहिलं. "नवा डाव?"

"डाव असला तर पोर घेऊन जा. मी बंदरापर्यंत सोडायला येईन."

म्हातारीने पाकीट उचललं आणि कमरेच्या चटईत खोचलं. ते पाच दिवस लेसीएलीला झोप लागली नाही. उआताने फाइल शोधलीच नाही तर? शोधली आणि गप्प बसला तर? टोपली भरून दाराशी ठेवलेली होती. आकेसा तिच्याशी खेळायची, आपलेच फ्रॉक काढायची आणि पुन्हा भरायची.

शनिवारी शेडमध्ये आधीपेक्षा जास्त गर्दी. आता सगळ्या गावालाच धसका बसला होता. ज्याने ज्याने कधी काही पुसलं होतं, तो येऊन बसला होता, आपलं नाव निघू नये म्हणून. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

उआता आज रंगात होता. "मेलेले तारेतून येतात!" तो ओरडला. "मोठे येतात, धाकटे येतात. आज धाकटं कुणीतरी आलंय. फार धाकटं." त्याने आवाज बारीक केला, आणि तो ऐकून पुढच्या बायका मागे सरकल्या. "मी तोकिलुपे... इनोकेची मुलगी... तीन दिवस जगले... चाफ्याखाली मला पुरलंय... कुणी माझं नाव घेत नाही..."

मोसेसेचा चेहरा पांढरा पडला. ठाऊक असूनही पडला.

"मला खेळायला आकेसा हवी," तो बारीक आवाज म्हणाला. "तिला सुनेजवळ ठेवू नका. नाहीतर मी घेऊन जाईन..."

हे वाक्य पत्रात नव्हतं. ते उआताचं स्वतःचं होतं. लेसीएलीने पोरीला इतकं घट्ट धरलं, की ती कळवळली.

"तोकिलुपे," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "बाळ, तुझ्या उशाशी कोण बसलं होतं?"

उआता क्षणभर अडखळला. "आ... आई."

"आणि तुझ्यावर घातलेली बारीक विणीची चटई? ती कुणाला दिली?"

"माझ्याबरोबर... पुरली."

"पुरली?" म्हातारी उठून उभी राहिली. "अरे उआता! भावाचं मूल गेलं की उशाशी बसायचा मान कुणाचा? चटई कुणाकडे जाते? माझ्या भावाची दोन लेकरं गेली. दोघांच्या उशाशी मी बसले. दोन्ही चटया आजही माझ्या पेटीत आहेत, दर वर्षी उन्हात घालते. ही तिसरी कुठून आणलीस?"

"घरात लपवलं असेल तुमच्यापासून..."

"आईबाप लपवतीलही. माझ्यापासून लपवून या घरातलं कुणी पुरलं जात नाही."

मग त्यांनी पाकीट काढलं आणि जवळच्या एका बाईच्या हातात दिलं. "वाच. मोठ्याने."

बाईने वाचलं. 'सासूबाईंनी मरताना सांगितलं, तोकिलुपे नावाची मुलगी झाली होती, तीन दिवस जगली, चाफ्याखाली पुरली, तिचं नाव कुणी घेत नाही.' आणि खाली, वेगळ्या शाईत, हाताने लिहिलेलं: 'अशी मुलगी कधी जन्मलीच नाही. हे मी सोमवारी लिहून पुसलं. जो कुणी तिला बोलवील, त्याने हे माझ्या यंत्रातून उकरलेलं असेल. लेसीएली.'

लोक मागे बघू लागले. लेसीएली उठली. सासरच्या माणसांपुढे उभं राहून ती आजवर कधी बोलली नव्हती.

"कॉम्प्युटरमध्ये पुसणं म्हणजे कबरीवरची पाटी काढणं," ती म्हणाली. "पाटी काढली की वाटतं, जागा रिकामी झाली. पण खालची हाडं तिथेच असतात, त्या जागी दुसऱ्या कुणाला पुरेपर्यंत. हा मेलेल्यांना बोलवत नाही. हा पाट्या काढलेल्या कबरी उकरतो, आणि हाडं तुमच्यापुढे नाचवतो. आजोबांचं गाणं असंच आणलं. माझं पत्रही असंच. मीही घरी बसून आणून पाहिलं, वीस मिनिटांत. प्रार्थना लागली नाही."

"त्याने सांगितलेलं माझ्या घरचं भांडण..." गर्दीतला एकजण हळूच बोलून गेला. "तेही मी लिहून पुसलं होतं."

"आणि माझं," दुसरी एक बाई म्हणाली.

उआता दाराकडे सरकत म्हणाला, "पोरी, मेलेल्यांची थट्टा करतेस? फळं भोगशील."

"थट्टा मी केली, ती न जन्मलेलीची," लेसीएली म्हणाली. "तू माझ्या जिवंत पोरीला मरणाची धमकी दिलीस."

कुणीतरी खिडकीवरचं काळं प्लास्टिक ओढून काढलं. ऊन आत आलं आणि फळीवर रांगेने ठेवलेली यंत्रं दिसली. अकरा. प्रत्येकावर चिकटवलेलं घराचं नाव. गावाने जे जे विसरायचं ठरवलं होतं, ते सगळं तिथे एका रांगेत मांडलेलं होतं. लोकांनी आपापलं यंत्र उचललं, छातीशी धरलं आणि बाहेर पडले. उआता मागच्या दाराने केव्हा गेला, कुणी पाहिलं नाही.

वाटेत आत्याबाई म्हणाल्या, "तोकिलुपे खोटी. पण ते पहिलं पत्र? ते तर तूच लिहिलंस."

"हो."

"मग पुसलंस का?"

"चोरून जायचं नव्हतं मला. पण तुम्हाला विचारायची हिंमतही नव्हती."

अंगणात आकेसा पाठमोरी बसून टोपलीतले फ्रॉक काढत होती. आत्याबाईंनी हाक मारली, "आकेसा!" पोर वळली नाही. त्या जवळ गेल्या, पुन्हा हाक मारली. नाही. तिच्या डोक्यामागे दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. झाडावरचे पक्षी उडाले. आकेसा निळा फ्रॉक घडी करत राहिली.

आत्याबाई तशाच उभ्या राहिल्या. आठवडाभर ती पोर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मेलेल्याचं बोलणं ऐकायला त्या दोनदा शेडमध्ये गेल्या, आणि जिवंत पोरीला ऐकू येत नाही हे त्यांना दिसलं नव्हतं.

"विमान चौदाला की सोळाला?" त्यांनी विचारलं.

"सोळाला."

"मी पण येते. टोपली रिकामी करू नका, काढलेले फ्रॉक परत भरा."

कान अजून पूर्ण बरा झालेला नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, पण उशीर झाला असता तर गेलाच असता. उआता दुसऱ्या बेटावर दुकान टाकून बसला आहे, असं म्हणतात. तिथेही घरोघरी जुनी यंत्रं आहेत, आणि पुसलेली पत्रं आहेत. म्हणून सांगायचं ते एवढंच. यंत्र दुरुस्तीला देताना त्यात काय राहिलंय याचा विचार करा. आणि कुणी तुमच्या घरातलं गुपित मेलेल्याच्या तोंडून सांगू लागला, तर घाबरण्याआधी, हात जोडण्याआधी, आपलं मूल कुणाच्या हवाली करण्याआधी त्याला एकच गोष्ट विचारा: हे तुझ्या हाती कसं लागलं?