फलकामागून वाचलेलं कलम

बाळाला पाजायला मी सभेच्या मंचामागच्या अडगळीच्या खोलीत बसले होते. तेवढ्यात आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी जाहीरनाम्याचा भलामोठा फलक नेमका त्याच दारावर बांधला आणि पुढे खुर्च्या मांडून ज्येष्ठ मंडळींना बसवलं. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे मी आतच अडकले.

आमच्या संघटनेचा नियम असा, की ज्यानं कलम लिहिलं त्यानंच ते उभं राहून वाचायचं. नाहीतर कलम बाद.

"पाळणाघराचं कलम कुणाचं?" सभा चालवणाऱ्या मास्तरांनी विचारलं. "बाई घरी गेल्या वाटतं. लेकुरवाळीचं काय खरं असतं! पुढचं घ्या."

मी दार ढकललं.

"अहो मास्तर, भिंत ढुसण्या देतेय!" एक आजोबा ओरडले.

बाळाला खांद्यावर घेऊन मी उभी राहिले आणि फटीला तोंड लावून मोठ्यानं वाचलं, "प्रत्येक कामाच्या ठिकाणी पाळणाघर हवं." बाळ दचकून रडायला लागलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "मंजूर!" मास्तर म्हणाले. "आता पुढचं कलम."

खुर्ची मात्र कुणीच सरकवली नाही.

"झालं हं सोन्या, झालं," म्हणत मी पुन्हा खाली बसले आणि त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं.