सगुणाबाईची भिंत

आमच्या उरवडे गावात घराची पत दर्शनी भिंतीवरून ठरायची. लांब ताशीव दगड रस्त्याच्या बाजूने लांबीने लावायचे, मागे पोटात गोटे नि माती कोंबायची, की झाला माणूस मोठा. हैबतरावांनी असंच घर बांधलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते दाखवायचे.

त्यांची थोरली भावजय सगुणाबाई मात्र हट्टी. माहेरी अशीच भिंत मधोमध फाटून अर्धी अंगणात पडलेली तिनं पाहिली होती. शेजारी तिचं घर उभं राहू लागलं तेव्हा ती भैरू गवंड्याच्या डोक्यावरच बसली. लांब दगड भिंतीतून आरपार घाल, एक टोक रस्त्याकडे, दुसरं घरात! त्यामुळे बाहेरून नुसती दगडांची टोकं दिसायची.

"वैनी, ह्ये घर हाय का गोट्यांचा ढीग?" हैबतराव म्हणाले. "लोकं मला हसत्यात."

"हसू द्या, भाऊजी. दगुड भित धरायला असतोय, मिरवायला न्हाई."

तिचा नवरा कुशाबा मऊ माणूस. धाकट्या भावाच्या रुबाबापुढे त्याची दातखीळ बसायची. भात घरात आलं की दर्शनी भिंत उतरवून नीट बांधू, असा शब्द त्याने देऊन टाकला. सगुणाबाई रागाने धुमसत राहिली. पण भावकीपुढे एकट्या बाईचं कोण ऐकतो? सदुसष्ट सालच्या मार्गशीर्षातला एक सोमवार ठरला.

त्याच सोमवारी पहाटे धरणी हादरली. आधी उतरंड कोसळली, गोठ्यात जनावरं हंबरली, आणि शेजारून असा आवाज झाला की काळजाचं पाणी व्हावं. धुरळा बसला तेव्हा हैबतरावांच्या भिंतीची बाहेरची बाजू सालीसारखी सोलून रस्त्यात पडली होती. माणसं मागच्या दाराने निघाली म्हणून वाचली.

सगुणाबाईच्या भिंतीचा आतला थोडा गिलावा झडला. बस्स, एवढंच! त्याच भिंतीलगत निजलेली तिची सून जया तान्ह्या लेकीला घेऊन बाहेर आली. लेकरू चक्क जांभई देत होतं. आम्ही शेजारीपाजारी धावत आलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सगुणाबाईच्या नाही. तिने पदर खोचला आणि भिंतीवर थाप मारली. "पाडा म्हणं हिला! हाय का कुनाची टाप?"

उजाडताच भैरू ठरल्याप्रमाणे पहार घेऊन हजर. दोन्ही घरांकडे बघून बिचारा चक्रावला. "कुटली भित उतरवायची?"

कुशाबाला एकदाचा कंठ फुटला. "हिच्या भितीला हात लावशील तर बघ!"

हैबतराव मान खाली घालून वहिनीसमोर आले. आता ती काय सुनावते म्हणून सगळा गाव कान टवकारून उभा.

"वैनी, माझी कशी बांधू? तुमी सांगा."

"आरपार दगुड घाला, भाऊजी," ती म्हणाली. "आन् कोपरं चांगलं जखडा. चला, मी हाय हितंच उभी."

हैबतरावांनी स्वतः खांदा लावून पडलेला सगळ्यात लांब दगड उचलला. भैरू हळूच पुटपुटला, "मालक, रस्त्यावरनं नुसती टोकंच दिसत्याल."

"दिसू दे!" हैबतराव खेकसले. "माणसं आत ऱ्हात्यात."