कमरेची जखम

"आये, लुगडं सोड."

"बाई गं, कसलं बोलनं ह्ये?" द्रौपदाबाईंनी कमरेवरचा हात काढला नाही.

तेजस्विनी दोन दिवसांच्या सुट्टीवर कळंबला आली होती. आईच्या लुगड्यावरचा ओला, पिवळा डाग तिने पाहिला होता. तिने दार लावून घेतलं, तेव्हा कुठे द्रौपदाबाईंनी गाठ सोडली. जिथे चाळीस वर्षं ती गाठ करकचून बसत आली होती, तिथे तळहाताएवढी जखम होती. कडा उलटलेल्या, कडक.

२००६ साल होतं. एम.डी. झाल्यावर तेजस्विनी मुंबईत त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप करत होती. अशा कडा ती रोज बघत होती. तिने आईची जांघ चाचपली. सुपारीएवढी गाठ बोटांना लागली.

"कधीपासनं?"

"दोन वर्सं झाली आसतील. आदी नुसती खाज व्हती."

"मी दर सणाला येत होते की गं!"

"तुजा अभ्यास व्हता. आन् दावायचं कुनाला? मंचरचा डाक्टर बाप्या मानूस."

"मला दाखवायचं."

"तू लेक हायेस," द्रौपदाबाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात तेजस्विनीच्या सरांनी शस्त्रक्रिया केली. तिला त्यांनी आत येऊ दिलं नाही. ती सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिली. जखमेच्या चारही कडांच्या तुकड्यांच्या काचांवर कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. जांघेतल्या गाठीची काच मात्र तिने तीनदा पाहिली. आजार पुढे सरकला होता.

"निगालं का समदं?" वॉर्डात आईने विचारलं.

"कमरेचं निघालं."

द्रौपदाबाईंनी बावीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली होती. लपवणारं तोंड त्यांना लगेच कळायचं.

"तुजं शिक्षान मधीच सोडू नको," एवढंच म्हणाल्या.

औषधं सुरू झाली, पण फाल्गुनापर्यंत पाय सुजून खांबासारखा झाला. एका रविवारी तेजस्विनी घरी आली, तर आतल्या खोलीत गावातल्या नि आसपासच्या सात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. द्रौपदाबाईंनीच निरोप धाडून त्यांना बोलावलं होतं.

"दावा गं, लाजू नका. डाक्टरीन हाय ती."

कुणी हलेना. शेवटी पेठ गावची साळुबाई उठली. तिच्या कमरेवर रुपयाएवढा खरखरीत चट्टा होता. तेजस्विनीने तो बोटाने दाबून पाहिला, जांघ तपासली. तिथे काही नव्हतं.

"लवकर आलात, मावशी. उद्या माझ्याबरोबर चला."

मग एकेक बाई उठू लागली. खाटेवर द्रौपदाबाईंनी दोन्ही हातांनी सुजलेला पाय उचलून वळवला आणि बायकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.