लाँचमधली शेगडी

माझगावच्या त्या कारखान्यात आजवर बोटींत पंखे बसवले होते, शेगडी कुणी बसवली नव्हती. मुंबईत ती लागते कुणाला? पण ही लाँच काश्मीरला जायची होती. वुलर सरोवराच्या काठची गावं हिवाळ्यात रस्त्यापासून तुटतात, तिथल्या आजाऱ्यांसाठी तरंगता दवाखाना म्हणून ती बांधली होती. केबिनमध्ये दोन बाकं, औषधांचं कपाट आणि दाराशेजारी एक रिकामा कोपरा. त्या कोपऱ्यात काय बसवायचं, हे छप्पन सालचा जानेवारी निम्मा सरत आला तरी ठरत नव्हतं.

रामदास तिथला फिटर. घोडपदेवच्या चाळीत, बाबासाहेबांची तसबीर लावलेल्या खोलीत, बायको मीराबाई आणि धाकटा भाऊ माधव यांच्याबरोबर राहायचा. लाँचबरोबर इंजिन चालवायला तोच जाणार होता, आणि पहिला हिवाळा पार पडेपर्यंत तिथेच राहणार होता. लाँचचे नकाशे गिरगावच्या हेमचंद्रने काढले होते. दोघांचं एरवी छान जमायचं, पण शेगडीवरून रोज खटके उडत.

फोर्टातल्या दुकानातून आणलेला रॉकेलचा हीटर रामदासला पसंत होता. हलका, देखणा, काडी लावली की पेटणारा. हेमचंद्रच्या डोक्यात मात्र दारूखान्याच्या जहाजांच्या भंगारात पाहिलेली बिडाची शेगडी घोळत होती. कुठल्याशा मोडीत काढलेल्या आगबोटीतली, लाकडावर चालणारी, वर धुराडं लावायची.

"म्हणजे छपराला भोक," रामदास म्हणाला. "एक थेंब गळू नये म्हणून हे छप्पर मी जीव तोडून भरलंय. त्यालाच भोक पाडू?"

"मग धूर जाणार कुठे?"

"ह्याचा धूर होतच नाही, हेमचंद्रराव. ज्योत बघा, कशी निळी."

हेमचंद्रला पटलं नाही, पण कारखान्याच्या मालकालाही हीटरच आवडला होता. शेवटी, बसवण्यापूर्वी एकदा केबिन बंद करून पेटवून बघायचं, एवढ्यावर मिटलं.

त्याच आठवड्यात रेडिओवरून घोषणा झाली, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. शहर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, कर्फ्यू लागला, सुटला, पुन्हा लागला. माधव गिरणीत होता आणि मोर्चात सगळ्यात पुढे असायचा. एके दिवशी तो सकाळीच चहा न घेता बाहेर पडला होता. रामदास कामावर गेला, पण हातात पाना धरला की माधव आठवे. दर थोड्या वेळाने तो फाटकापाशी जाऊन रस्ता बघून येई. दुपारी पोलिसांची गाडी कर्फ्यू पुकारत गेली. बाकीचे कामगार मिळेल त्या गल्लीने पळाले. हेमचंद्रला गिरगाव गाठणं शक्य नव्हतं. रामदास निघाला तेव्हा नाक्यावर बंदुका घेऊन शिपाई उभे होते. तो परत फिरला.

"बस जरा," हेमचंद्र म्हणाला.

"बसवत नाही."

लालबागच्या बाजूने फटाफट आवाज आले. रामदास पुन्हा फाटकाकडे धावला, पुन्हा परत आला. नाक्यावर फोडलेला अश्रुधूर वाऱ्याबरोबर आवारात शिरला तसे दोघे डोळे चोळत लाँचमध्ये चढले आणि दार-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. हीटर समोरच होता.

"नाहीतरी बघायचंच होतं," म्हणून रामदासने काडी ओढली.

केबिन पटकन तापली. रामदास दोन बाकांमधल्या तेवढ्याशा जागेत येरझाऱ्या घालत होता. हेमचंद्र आपल्या म्हाताऱ्या आईबद्दल काहीतरी सांगत होता. ती गॅलरीत जाऊन उभी राहील, कितीही सांगितलं तरी आत यायची नाही. मग तो बोलायचा थांबला. रामदासही बाकावर टेकला. कपाळ ठणकत होतं, पण छातीतली धडधड कमी झाली होती. हातपाय कापसासारखे झाले होते. माधव येईल की, त्याला वाटलं. मोठा आहे तो. रात्री जेवायला येईल.

आणि त्या विचारानेच तो दचकला. सकाळपासून ज्याच्यासाठी एका जागी पाय ठरला नव्हता, त्याचं एवढं सोपं कसं वाटायला लागलं? त्याने हीटरकडे पाहिलं. ज्योत पिवळी पडली होती. हेमचंद्रची मान छातीवर लोंबत होती.

"हेमचंद्रराव!"

रामदास उठला तो गुडघ्यांवरच कोसळला. दार हातभरावर होतं, पण हात वर होईना. तो सरपटत गेला, खांद्याने धडका मारल्या, कशीबशी कडी निघाली. बाहेरची हवा तोंडावर आली तसा तो भडाभडा ओकला. मग परत आत शिरून त्याने हेमचंद्रला काखेत धरून ओढत डेकवर आणलं आणि गालावर मारत राहिला. बऱ्याच वेळाने हेमचंद्रने डोळे उघडले. "आई आत गेली का?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू थोडा सैल झाला. रामदास घरी गेला, तर माधव आलेला नव्हता. ठणकतं डोकं घेऊन तो जखमींना नेत होते त्या परळच्या इस्पितळात पोचला. व्हरांड्यात जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या. त्यातल्या एकीवर माधव होता, मांडीला जाड पट्टी बांधलेली.

"दादा, तू का असा पांढराफटक पडलायस? गोळी मला लागलीय."

रामदास खाली बसला आणि रडायला लागला. माधव त्याची पाठ थोपटत राहिला.

घरी सगळं कळल्यावर मीराबाई भाकऱ्या थापायला बसली. सगळ्या थापून झाल्यावर म्हणाली, "एक गोळी खाऊन आला, दुसरा डब्याच्या वाफेनं मरायला निघालेला. आणि आता म्हणे काश्मीर. मी जाऊ देणार न्हाय."

"शेगडी बदलतोय, मीरा."

"बदला. पेटवा. मग मला आत बसवा. तवा बघू."

बिडाची शेगडी दारूखान्यातून हातगाडीवर आली. चौघांनी मिळून ती लाँचवर चढवली तर लाँच एका अंगाला कलली. बॅटरीची पेटी पलीकडे हलवावी लागली. कोपऱ्यात खाली आणि मागे पत्रा ठोकला, पत्रा आणि लाकूड यांत बोटभर फट ठेवली, शेगडीचे पाय बोल्टांनी आवळले. छपराला भोक रामदासने स्वतः पाडलं. करवत चालवताना त्याचे दात शिवशिवत होते. भोकाभोवती लोखंडी कडं बसवलं, त्यातून धुराडं वर काढलं, टोकाला पाऊस आणि वारा अडवणारी टोपी घातली. दाराच्या तळाशी हवेसाठी जाळी हेमचंद्रने बसवायला लावली, आणि ती कुणाला बंद करता येऊ नये म्हणून झाकणच ठेवलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मीराबाई आली. नवं लुगडं नेसून, बाकावर ताठ बसली. रामदासने दार लावलं, लाकडाचे फाटे पेटवले. आधी थोडा धूर उलटला, मग धुराड्याने ओढ घेतली आणि शेगडी घुमायला लागली. तिघांच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या. हेमचंद्र सारखा चष्मा पुसत होता.

"डोकं दुखतंय?" रामदासने पुन्हा पुन्हा विचारलं.

"न्हाय."

"गुंगी?"

"न्हाय हो. उकडतंय नुसतं." ती बराच वेळ बसली. मग पदराने मान पुसून उठली. "जावा," म्हणाली, आणि दार उघडून भरभर चालू लागली. रामदासने हाक मारली तरी मागे वळली नाही.

वडाळ्याच्या यार्डातून लाँच मालगाडीवर चढली. माधव तेव्हा कुबड्या घेऊन चालायला लागला होता. बर्फ वितळून घाट उघडल्यावर लाँच लॉरीवरून डोंगर ओलांडून गेली, आणि उन्हाळाभर वुलरवर गावोगाव फिरली.

डिसेंबरात काठाला बर्फ धरलं. एका संध्याकाळी बाळंतीण होऊन तापाने फणफणलेली बाई आणि तिचं लहानसं मूल आत होतं. दवाखान्याचे डॉक्टर काठावरच्या चौकीवर रेडिओ ऐकून आले आणि दारातच थांबले.

"रामदास," ते म्हणाले, "दिल्लीची बातमी आहे. डॉक्टर आंबेडकर गेले."

रामदास डेकवर जाऊन उभा राहिला. ऑक्टोबरात नागपूरला लाखोंनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हाही तो इथेच होता. आता सगळी चाळ रस्त्यावर आली असेल. मीरा असेल. माधव लंगडत का होईना, दादरला बाबासाहेबांच्या घरापाशी जाईल. आपण इथे, ह्या पांढऱ्या पाण्यावर. त्याला वाटलं, आत्ता बर्फातून चालत निघावं. तो डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिला, बोटं बधिर झाली तरी.

आतून पोर रडायला लागलं. धुराड्यातला धूर विरळ झाला होता. रामदासने डेकवरचे दोन फाटे उचलले, त्यांच्यावरचं बर्फ झटकलं आणि आत गेला. शेगडीचं झाकण उघडून ते निखाऱ्यांवर नीट रचले. त्या बाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. त्याला शब्द कळले नाहीत.

"माझे बाबा गेले," तो मराठीत म्हणाला.

तिने पोराला छातीशी धरलं आणि बाकावर त्याला बसायला जागा करून दिली.