उजव्या पायाचा अंगठा

मी एसटीचा ड्रायव्हर. रत्नागिरी-राजापूर, बावीस वर्षं. वळणावर समोरून टँकर अंगावर आला तरी माझा हात हलत नाही, पण न्हाणीघराची कडी मला लावता येत नाही. हसा खुशाल. घरी पाहुणे आले की मी आंघोळीला गेल्यावर माझी बायको नम्रता दाराबाहेर स्टूल टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आत साहेब आहेत, दार उघडंच आहे, जपून हो." कारण विचाराल तर मलाही ठाऊक नाही. बंद जागेत माझा श्वास अडकतो, बस्स.

गेल्या महिन्यात राजापूर स्टँडवर गाडीतून उतरलो, तर आमचा कंडक्टर महिपत म्हणाला, "संदेश, तुझी डावी चप्पल कुठाय रे?" चप्पल केबिनमध्येच राहिली होती. भर दुपारी तापलेल्या डांबरावर मी एका पायानं अनवाणी उभा होतो आणि मला काही म्हणजे काही लागत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मणक्यात नस दाबली जातेय. डाव्या पायाचं सांगता येत नाही, पण वेळेत ऑपरेशन झालं तर उजवा नक्की वाचेल. उजवा म्हणजे ब्रेकचा पाय. तो गेला की मी ड्रायव्हर राहिलो नाही, आणि दुसरं मला काही येत नाही. ऑपरेशन करणारे सर्जन पंधरा दिवसांतून एकदा, शुक्रवारी, कोल्हापूरहून येतात. त्यांना आधी पाठीच्या अख्ख्या कण्याचा एमआरआय हवा होता. म्हणजे चाळीस मिनिटं त्या नळकांड्यात, न हलता.

दोनदा पळून आलो. पहिल्यांदा चार मिनिटांत हातातला रबरी फुगा दाबला, तो दाबला की मशीन थांबवतात आणि बाहेर काढतात. दुसऱ्यांदा आधी गोळी दिली. गोळीनं झोप आली नाही, नुसतं रडू आलं. एवढा मोठा बाप्या मी, मशीनमध्ये पडून मुसमुसत होतो. मशीन चालवणारे आत्मारामकाका सज्जन माणूस, दोन्ही वेळा पाणी पाजून घरी पाठवलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मात्र हळूच म्हणाले, "आज गुरुवार. उद्या सर्जन येतायत. आज नाही जमलं तर पंधरा दिवस गेले."

नम्रतानं धीराचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मी खेकसलोच असतो. तिनं काकांना विचारलं, "मी आत यांच्या पायाशी उभी राहिले तर चालेल?" काका म्हणाले, चालेल, पण अंगावर धातूचा कण नको. मग मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या, साडीच्या पिना निघाल्या, केसांतल्या निघाल्या. जोडवी निघेनात. बेसिनवर पाय वर घेऊन, साबण लावून लावून काढली.

"बघा, तुमच्यापायी काय काय उतरवावं लागतंय," ती म्हणाली. मग माझ्या उजव्या पायाचा अंगठा धरला. "अहो ड्रायव्हर, आज गाडी मी सोडणार. त्या काचेपलीकडे घड्याळ आहे. दर चार मिनिटांनी एक स्टॉप. स्टॉप आला की अंगठा दाबीन. राजापूर आलं की उतरायचं. मधे उतरायचं नाही."

लग्नाआधी तीन वर्षं ती माझ्याच गाडीनं लांज्याला नोकरीला जायची. सगळे स्टॉप तिला माझ्याइतके पाठ. मी म्हटलं, "बरं गो बाई, सोड गाडी."

फळी आत सरकली. छत नाकाला टेकतंय की काय इतकं खाली. कोपर हलवलं तर भिंत. कानावर हेडफोन, तरी ठाक ठाक ठाक असं कुणी डोक्यावर हातोडा मारतंय, मग घुर्रर्र, मग पुन्हा ठाक ठाक. ओरडलो असतो तरी माझं मला ऐकू आलं नसतं. फुगा घामानं निसटत होता. आता दाबतो, आता दाबतो, असं करत असताना अंगठा दाबला गेला. पहिला स्टॉप, मारुती मंदिर.

मी श्वास सोडला. बाहेर माणूस आहे, माझं माणूस आहे. साळवी स्टॉप. कुवारबाव. मनात गिअर टाकत होतो, पॅसेंजर चढवत होतो. हातखंबा. पाली. आंजणारीला दाब एवढासाच लागला. दमली असेल बिचारी, उभी आहे मघापासून.

लांजा आलंच नाही.

वाट पाहिली. चार मिनिटं झाली असतील, सहा झाली असतील, आत काय कळतंय? ठाक ठाक ठाक. नाही म्हणजे नाही. गेली. फोन आला असेल, चक्कर आली असेल, नाहीतर कंटाळली असेल. छत आणखी खाली आलं. छाती वर येईना. फुग्यावर बोटं आवळली, आणि अशा वेळी, देवाशप्पथ सांगतो, मला भीतीपेक्षा संताप जास्त आला. लांज्याला सोडलंस ना मला? तुझ्याच स्टॉपला? थांब, बाहेर येतो आणि दाखवतो. तिला काय काय बोलायचं ते एकेक जुळवत गेलो. लग्नापासूनचं सगळं उकरून काढलं, तिच्या माहेरच्यांनाही सोडलं नाही. त्या रागावरच पडून राहिलो. फुगा दाबला नाही.

एकदम सगळं शांत झालं. फळी बाहेर सरकली. आत्मारामकाका आत येत म्हणाले, "वा, संदेशराव! झालं की!"

मी कुठला ऐकतोय. "लांज्याला कुठं गेली होतीस गो?" मी ओरडलो.

"कुठं जाणार?" नम्रता पायाशीच उभी होती. "लांजा दाबलं. वाटूळ दाबलं, ओणी दाबलं. राजापूरला तर चांगलं नख रुतवलं, म्हटलं आता खूश होतील."

"खोटं बोलू नको."

"खोटं? आणि आता काय करतेय मग?"

मी मान उचलून पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी माझा अंगठा आवळून धरला होता. त्यावर तिच्या नखाची लाल खूण उमटली होती. मला काही लागत नव्हतं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. काका फोनकडे धावले, डॉक्टरांना लावायला. एवढं बोलायचं जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

नम्रतानं अंगठा सोडला. घोटा दाबला. "इथं?"

"नाही."

पोटरी. "इथं?"

"नाही गो."

गुडघा. मी नुसती मान हलवली. तिचे डोळे वाहत होते, हात मात्र थांबत नव्हता. गुडघ्याच्या वर, मांडीवर, तिनं जोरात दाबलं आणि मला लागलं. चांगलं दुखलं.

"हो," मी म्हटलं. "तिथं कळतंय."

"मग इथं धरते," ती म्हणाली. "उद्या ऑपरेशनला आत नेईपर्यंत इथनं हात काढणार नाही."